पहिला तास कोणाचा? मुंबईची शीघ्र प्रतिसाद पथकं आणि चिंचोटीपर्यंतचा हिशेब

मागच्या व्याख्यानांत आपण शहर वाढतं तसं त्याचं पोलीस ठाणं कसं बदलतं, ते पाहिलं. आज त्यातलंच एक प्रकरण घेऊया : अचानक मोठा हल्ला झाला तर धावून जाणारी खास पोलीस पथकं. आपल्याकडे त्यांना शीघ्र प्रतिसाद पथक, सरळ 'क्यूआरटी' म्हणतात. ही पथकं का उभी राहिली, कधी उभी राहिली, आणि त्यांचा आपल्या चिंचोटीसारख्या नाक्याशी काय संबंध, हे बघायचं आहे.

आधी बाहेरच्या जगाकडे बघू. 5 सप्टेंबर 1972 रोजी म्युनिक ऑलिंपिकमध्ये इस्रायली खेळाडूंना ओलीस धरलं गेलं. सुटकेचा प्रयत्न केला तो साध्या पोलिसांनी, अशा कामाचं प्रशिक्षण नसताना. अकरा इस्रायली खेळाडू आणि प्रशिक्षक मारले गेले. त्याच महिन्यात पश्चिम जर्मनीने 'जीएसजी 9' हे पथक उभारायचं ठरवलं. पाच वर्षांनी, 1977 मध्ये, त्याच पथकाने मोगादिशूला अपहृत विमानातल्या प्रवाशांची सुटका केली. हा क्रम लक्षात ठेवा : आधी आपत्ती, मग पथक. जवळपास प्रत्येक देशात हेच घडलं आहे. आपल्याकडे राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दल, म्हणजे एनएसजी, उभं राहिलं तेही 1984 च्या घटनांनंतर; त्याचा कायदा 1986 चा.

मुंबईचा पहिला प्रयत्न त्यानंतर चार वर्षांनी झाला. अतिरिक्त पोलीस आयुक्त आफताब अहमद खान यांनी 1990 मध्ये लॉस एंजेलिसच्या 'स्वॉट' पथकाचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून दहशतवादविरोधी पथक काढलं. 16 नोव्हेंबर 1991 च्या लोखंडवाला चकमकीमुळे ते घराघरांत माहीत झालं. पण तेव्हाचा शत्रू होता टोळीवाला. तो एका इमारतीत सापडायचा, पोलीस वेढा घालायचे, वेळ पोलिसांच्या हातात असायची. ही 'वेळ पोलिसांच्या हातात' असणं फार महत्त्वाचं आहे, कारण पुढे नेमकी तीच गेली.

ती कशी गेली याची पहिली सूचना 24 डिसेंबर 1999 रोजी मिळाली. काठमांडूहून निघालेलं आयसी-814 विमान अपहरणानंतर अमृतसरला उतरलं, पाऊण तासाच्या आसपास तिथे उभं राहिलं आणि उडून गेलं. दिल्लीचं पथक वेळेत पोहोचलंच नाही. देशातले उत्तम कमांडो आपल्याकडे होते, पण ते दुसऱ्या गावात होते.

आता 26 नोव्हेंबर 2008. रात्री साडेनऊच्या सुमारास गोळीबार सुरू झाला. दहा जण, एके-47 आणि हातबॉम्ब घेऊन, एकाच वेळी अनेक ठिकाणी : लिओपोल्ड कॅफे, छत्रपती शिवाजी टर्मिनस, ताज, ओबेरॉय-ट्रायडंट, नरिमन हाऊस. मुंबई पोलिसांकडे तेव्हा क्यूआरटी नव्हतं का? होतं. पण पुढे राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांच्या समितीने चौकशी केली, तेव्हा दारूगोळ्याची टंचाई आणि गोळीबाराच्या सरावातला खंड या गोष्टी समोर आल्या. कागदावर पथक होतं, हातात सराव नव्हता.

एनएसजीचे जवान दिल्लीजवळच्या मानेसरहून निघाले. त्यांना आणणारं मोठं विमान चंदीगडला होतं. ते आधी दिल्लीला आलं, मग मुंबईला. पहाटे साडेपाचच्या सुमारास ते उतरलं. नौदलाचे मार्कोस त्याआधी ताजमध्ये शिरले होते, तरी मध्यरात्र उलटून गेली होती. कारवाई संपली 29 तारखेच्या सकाळी. 166 माणसं गेली.

मग पहिल्या काही तासांत कोण उभं होतं? सीएसटीवर रेल्वे पोलिसांचे निरीक्षक शशांक शिंदे होते. ते तिथेच शहीद झाले. उद्घोषक विष्णू झेंडे होते. त्यांनी माइकवरून प्रवाशांना मागच्या दाराने बाहेर पडायला सांगितलं आणि कित्येकांचे जीव वाचवले. ताजमध्ये पोलीस उपायुक्त विश्वास नांगरे पाटील मोजक्या माणसांनिशी आत गेले. कामा रुग्णालयात अतिरिक्त आयुक्त सदानंद दाते छोट्या तुकडीसह वर चढले, हातबॉम्बने जखमी झाले, तरी बराच वेळ दोघा अतिरेक्यांना त्यांनी गुंतवून ठेवलं. उपनिरीक्षक प्रकाश मोरे आणि शिपाई विजय खांडेकर तिथे शहीद झाले. हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर गेले ते त्याच रुग्णालयाजवळच्या गल्लीत. आणि गिरगाव चौपाटीला सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या बंदुकीची नळी घट्ट धरून ठेवली, म्हणून तो जिवंत सापडला. ओंबळेंच्या हातात काय होतं? लाठी.

यातलं एकही नाव खास पथकातल्या कमांडोचं नाही, हे बघा. पहिला तास ठाण्याच्या पोलिसांचा आणि स्टेशनच्या कर्मचाऱ्यांचा होता.

2009 मध्ये राज्याने 'फोर्स वन' उभारलं. त्याच वर्षी एनएसजीचं केंद्र मुंबईत आलं. चेन्नई, हैदराबाद, कोलकात्यालाही आली. क्यूआरटीला नवी शस्त्रं, नवी वाहनं मिळाली. हे सगळं गरजेचंच होतं, याबद्दल वाद नाही. मानेसरचं अंतर मरोळवर आलं, ही मोठी गोष्ट आहे.

पण अमेरिकेत याच सुमारास एक वेगळा धडा शिकवला जात होता. 1999 मध्ये कोलंबाइन शाळेत गोळीबार झाला, तेव्हा आधी पोहोचलेले पोलीस वेढा घालून खास पथकाची वाट पाहत थांबले. आत मुलं मरत होती. त्यानंतर तिथलं प्रशिक्षणच बदललं : गोळीबार चालू असेल तर थांबायचं नाही, पहिल्या गाडीतल्या शिपायांनीच आत जायचं. म्हणजे ज्या देशाने स्वॉट जन्माला घातलं, त्यानेच ठरवलं की स्वॉटची वाट पाहणं धोक्याचं आहे. खास पथक हवं, पण ते दुसऱ्या तासासाठी. पहिल्या तासासाठी साधा पोलीस तयार हवा.

आता चिंचोटीला येऊ. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून कामण-भिवंडीकडे रस्ता फुटतो, तो हा नाका. इथून कुलाबा पन्नास किलोमीटरहून जास्त, मध्ये वसईची खाडी आणि वर्सोवा पूल. त्या पुलावरची कोंडी काय असते, हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. सगळं जग मुंबईच्या पथकांचा इतिहास कुलाब्यातून मोजतं. आपण तो खाडीच्या अलीकडून मोजला पाहिजे. 11 जुलै 2006 ला पश्चिम रेल्वेवर अकरा मिनिटांत सात स्फोट झाले, मिरा रोडपर्यंत. जखमींना आधी उचललं ते सहप्रवाशांनी आणि रुळांलगतच्या वस्तीतल्या लोकांनी. जुलै 2018 मध्ये पावसाने चिंचोटीच्या धबधब्यावर पर्यटक अडकले, तेव्हाही पोलीस, अग्निशमन दल आणि बचाव पथकांबरोबर रानाची वाट माहीत असलेले गावकरी लागले. आणीबाणी म्हणजे फक्त बंदूक नव्हे, हेही त्यातून दिसतं.

कारभाराचं म्हणाल, तर वसई आधी ठाणे ग्रामीणकडे, 2014 ला जिल्हा झाल्यावर पालघरकडे, आणि खाडीपलीकडचं मिरा-भाईंदर ठाणे ग्रामीणकडेच. 1 ऑक्टोबर 2020 पासून मिरा-भाईंदर, वसई-विरार असं एकच पोलीस आयुक्तालय झालं. खाडीच्या दोन्ही काठांवर एकाच अधिकाऱ्याचा हुकूम चालू लागला. निर्णय जवळ आला. त्याचे पहिले आयुक्त कोण? कामा रुग्णालयात जखमी झालेले तेच सदानंद दाते. इतिहासात असे धागे कधी कधी आपल्या दारापर्यंत येतात.

म्हणून नवं पथक, नवा गणवेश, संचलनातली काळी वाहनं बघून आपण खूश होतो, तिथे थोडं थांबूया. नागरिक म्हणून विचारायचे प्रश्न साधे आहेत. आपल्या ठाण्यातल्या शिपायाने शेवटचा गोळीबाराचा सराव कधी केला? त्याच्याकडे चालणारं शस्त्र आणि अंगावर येईल असं चिलखत आहे का? वसई रोड स्थानकात, महामार्गावर, पावसाळ्यात धबधब्याच्या वाटेवर रंगीत तालीम होते का, आणि तिच्यात गावातली माणसं असतात का? पूल तुंबला तर पलीकडची कुमक कुठून येणार?

2008 मध्ये मुंबईत पथक होतं, सराव नव्हता. सतरा वर्षांहून जास्त काळ लोटला, पथकं वाढली. सरावाचं मात्र उद्घाटन होत नाही, फीत कापली जात नाही, म्हणून त्याची विचारपूस आपल्यालाच करावी लागते. एवढं बोलून थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊया.