नाव घातलेला कॅमेरा

भंडाऱ्यात पितळेची पारख हा काही विशेष गुण समजला जात नाही. वैनगंगेकाठचे हे गाव पितळी भांड्यांसाठी नावाजलेले. 'भाण' म्हणजे पितळ आणि त्यावरूनच गावाचे नाव पडले, असेही येथे सांगतात. येथला जुना जाणता कारागीर हाती आलेला गुंड प्रथम पालथा करतो. बूड पाहतो, बोटाने वाजवतो, हातात तोलतो. काठावर घातलेले नाव तो सर्वांत शेवटी वाचतो. 'चि. सौ. कां. अमकीस मामाकडून' असे कितीही ठसठशीत कोरलेले असले, तरी ते नाव घेणाऱ्याचे वा देणाऱ्याचे. भांडे कोणी घडवले, हे त्यातून कळत नाही.

हा नियम मला गेल्या दिवाळीच्या सुमारास एका कॅमेऱ्याच्या बाबतीत आठवला. आमचे एक जुने स्नेही निवर्तले होते. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आमच्या वहिनींनी, कपाटातली मखमली पिशवी माझ्यापुढे ठेवली. आत सोनेरी कॅमेरा होता. माथ्यावर 'लायका' अशी वळणदार अक्षरे, शेजारी 'बर्लिन १९३६' आणि ऑलिंपिकची पाच वर्तुळे. स्नेह्यांनी तो १९९५ च्या सुमारास परगावी बरीच रक्कम मोजून घेतला होता. अडीअडचणीला विकला की भागेल, असे ते घरात सांगत. आता अडचण दारात उभी होती. धाकटीच्या शिक्षणाचे पैसे भरायचे होते.

वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तुम्हाला यातले कळते. याचे किती येतील, तेवढे सांगा."

जुन्या कॅमेऱ्याचे 'किती' ठरण्याआधी 'कोण' ठरावे लागते. लायकाचा जन्म जर्मनीतल्या वेट्झलार गावी, अर्न्स्ट लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यात झाला. ऑस्कर बारनाक या तंत्रज्ञाने चित्रपटाची ३५ मिलिमीटरची फिल्म वापरणारा हा लहानसा कॅमेरा सिद्ध केला आणि १९२५ साली लाइपझिगच्या व्यापारी जत्रेत तो लोकांपुढे आला. त्यात अंतर डोळ्यानेच अजमावावे लागे. १९३२ च्या दुसऱ्या नमुन्यात अंतरमापक भिंगाला जोडला गेला. दोन झरोक्यांतून आलेल्या दोन प्रतिमा भिंग फिरवून एकमेकींवर बसवल्या की चित्र रेखीव येणार. हाच तो रेंजफाइंडर.

पुढचे नमुने ओळखायला खुणा आहेत. १९३३ च्या तिसऱ्या नमुन्यात संथ वेगांसाठी पुढच्या बाजूस छोटी चकती आली. १९३५ मध्ये सेकंदाचा हजारावा भाग साधला. १९३८ मध्ये डोळा लावण्याची दोन छिद्रे अगदी शेजारी आली. १९५४ च्या एम-३ ने आटे असलेले भिंग सोडून अर्धवट फिरवून अडकवायचे भिंग घेतले. काही रूपे तर लपूच शकत नाहीत. 'लायका २५०' मध्ये दहा मीटर फिल्म मावावी म्हणून दोन्ही बाजूंना डबे फुगवलेले असतात. एका दमात अडीचशे चित्रे निघतात. असे कॅमेरे जेमतेम साडेनऊशे झाले. त्यांपैकी एक मुंबईच्या दिलीश पारेख यांच्या संग्रहात होता. त्यांच्या ४,४२५ कॅमेऱ्यांची नोंद गिनीज बुकाने घेतलेली आहे.

परंतु नुसत्या खुणांवर विसंबूनही चालत नाही. लाइट्झच्या कारखान्यात जुना कॅमेरा पाठवला, तर तो नव्या नमुन्यासारखा करून मिळे. क्रमांक मात्र जुनाच राही. म्हणजे क्रमांक १९२८ चा आणि अंतरमापक पुढच्या काळातला, असा कॅमेरा अस्सलही असू शकतो. उलट एम-३ हे कॅमेरे दोन लाखांहून अधिक निघाले, त्यांत कारखान्यातूनच काळा रंग लावलेले थोडे. त्यांना भाव फार, म्हणून रुपेरी कॅमेरा मागाहून काळा करणारेही निघाले. रंग झिजला की दोहोंखाली पितळच दिसते! अशा वेळी क्रमांक कारखान्याच्या नोंदीशी ताडून पाहावा लागतो. तात्पर्य, रूप, क्रमांक आणि हाताळणीचा इतिहास हे तिघे साक्षीदार एकच गोष्ट सांगू लागले, तरच मोल ठरते. २०२२ साली वेट्झलारच्या लिलावात १०५ क्रमांकाच्या एका आद्य लायकाला एक कोटी चव्वेचाळीस लाख युरो आले. कॅमेरा दुर्मिळ होताच. पण तो खुद्द बारनाकच्या वापरातला होता, हे सिद्ध होते.

आमच्या सोनेरी कॅमेऱ्याचे साक्षीदार मात्र आपसांत भांडत होते. सोन्याचा मुलामा दिलेले लायका कारखान्याने खरोखरच काढले होते, सुमारे ९५. पण ते पहिल्या नमुन्याचे, अंतरमापक नसलेले. आमच्या हातातल्यावर तर अंतरमापकाचे झरोके होते. मग मी भिंगाचे आटे उलगडून कॅमेरा, भांड्यासारखाच, आतून पाहिला. लायकाच्या तोंडाशी अंतरमापकाच्या दांडीला छोटे गोल चाक असते. येथे चाकाच्या जागी तिरकस पाचर होती. ही पाचर सोव्हिएत कॅमेऱ्याची.

मी वहिनींना तसे सांगितले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग त्यांनी विचारले, "मग हा आहे तरी कुणाचा?"

हा प्रश्न मला आवडला. कारण हा कॅमेरा निपुत्रिकाचा नव्हता. रशियातल्या यादवीने हजारो मुले रस्त्यावर आणली. अशा मुलांसाठी युक्रेनमधल्या खार्किव्ह शहरात १९२७ साली वसतिगृह उघडले. आन्तोन माकारेंको हे शिक्षणतज्ज्ञ ते चालवीत. त्या मुलांनी शिकता शिकता प्रथम विजेची गिरमिटे केली आणि लायकाचा दुसरा नमुना पुढे ठेवून १९३४ पासून कॅमेरे केले. ज्याच्या नावे संस्था होती, त्या फेलिक्स एडमुंडोविच झेर्झिन्स्कीच्या आद्याक्षरांवरून त्याचे नाव 'फेड'. पुढे १९४८ पासून मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात त्याचाच भाऊ 'झोर्की' निघू लागला. झोर्की म्हणजे तीक्ष्ण नजरेचा. आरंभीच्या काहींवर फेड आणि झोर्की अशी दोन्ही नावे आढळतात. संग्राहक ते शोधत असतात.

म्हणजे नक्कल तर ती खरीच. पण उघड केलेली, स्वतःचे नाव लावून केलेली. लबाडी झाली ती मागाहून. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला, बाजार खुले झाले आणि हौशी प्रवाशांसाठी हे कॅमेरे घासून, त्यांवर सोने चढवून, गरुड, वर्तुळे, लायकाची अक्षरे कोरून विकले जाऊ लागले. मराठीत 'बनावट' या शब्दाला दोन अर्थ आहेत, घडण आणि खोटेपणा. कॅमेऱ्याची बनावट सोव्हिएत होती. बनावट होते ते त्यावर घातलेले नाव.

"आणि पैसे?" वहिनींनी विचारले. मी खरे ते सांगितले. लायकाचे तर नाहीतच. साध्या झोर्कीला मिळावेत तसे थोडके येतील. मूळ नाव घासले गेल्यामुळे त्याहून कमीही म्हणणारे भेटतील. एखाद्या अनोळखी गिऱ्हाइकाला हा लायका म्हणून देता येईल, हे मी बोललो नाही, पण ते दोघांच्याही मनात आले असावे. फीची मुदत पंधरा दिवसांवर होती.

वहिनींनी आतून वही आणली. एक पान फाडून मला सांगायला लावले आणि आपल्या हाताने लिहिले: "हा लायका नव्हे. सोव्हिएत बनावटीचा, फेड किंवा झोर्की. नाव व सोने मागाहून घातलेले." खाली तारीख घातली. चिठ्ठी पिशवीत सरकवून त्या म्हणाल्या, "आता दाखवा कुणालाही. जे येतील ते येतील."

फीचे पैसे अखेर घरातल्या चार जुन्या पितळी घागरी मोडीत देऊन आणि बाकीचे उसने घेऊन भरले गेले. घागरी तोलताना दुकानदाराने त्यांवरची नावे वाचली नाहीत. वहिनींनी मात्र एकेक वाचून मग हाती दिली.