जखम पाहून: बाहुल्यांच्या हंगामी खेळाचा इतिहास

मंडळी, आजच्या विषयाचं नाव वाचून काही जण हसले असतील. इतिहासाच्या व्याख्यानात बाहुल्यांचा खेळ कशाला? आधी एक खुलासा करतो. ‘फॅन्टसी’ म्हटलं की आपल्याकडे मोबाईलवर संघ लावून पैसे लावायचा खेळ आठवतो. २०२५च्या कायद्याने पैशांचे ते खेळ बंद झाले. आम्ही बोलतोय ते वेगळंच प्रकरण आहे. इथे टेबलावर पट असतो, त्यावर बोटभर उंचीचे खेळाडू, हातात फासे, आणि एक हंगाम चालणारी साखळी स्पर्धा.

या खेळाचं नाव ‘ब्लड बोल’. १९८६ साली इंग्लंडच्या गेम्स वर्कशॉप कंपनीने तो काढला, रचना जर्व्हिस जॉन्सन यांची. पहिल्या आवृत्तीत पुठ्ठ्याचे खेळाडू होते, प्लॅस्टिकचे १९८८मध्ये आले. पट २६ घरं लांब, १५ घरं रुंद. दोन्हीकडे अकरा-अकरा. चेंडू पलीकडच्या शेवटच्या ओळीत न्यायचा, आणि वाटेत समोरच्याला आडवा पाडायची पूर्ण मुभा. संघ कोणाचे, तर माणसांचे, राक्षसांचे, बुटक्यांचे, चक्क उंदरांचे. थोडक्यात, कबड्डीचा दम आणि रग्बीची धक्काबुक्की भुताखेतांच्या अंगात घातलेली.

हे सगळं गमतीचं आहे, पण इतिहासाच्या माणसाला यात रस वाटावा अशी गोष्ट दुसरीच आहे. हा खेळ वही ठेवतो.

म्हणजे काय, ते बुद्धिबळावरून बघा. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादं पलीकडे पोचलं की ज्या घरात गेलं त्या घरच्या मोहऱ्याचा दर्जा त्याला मिळे. केवढा पराक्रम! पण डाव मोडला, पुन्हा मांडला, की ते पुन्हा प्यादंच. मेलेला हत्तीही परत कोपऱ्यात उभा. बुद्धिबळाला कालचं काही आठवत नाही. सारीपाटाचंही तेच.

आठवण ठेवणारे खेळ फार उशिरा आले, आणि ते लष्करातून आले. प्रशियात राइसवित्झ पितापुत्रांनी ‘क्रीगश्पील’ हा युद्धखेळ बसवला, मुलाने १८२४ साली त्याचे नियम छापले. त्यात फाशांनी नुकसान ठरायचं आणि पंच त्याचा हिशेब ठेवायचे. पुढे १९१३ साली एच. जी. वेल्स यांनी ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. खेळण्यातल्या शिशाच्या शिपायांवर स्प्रिंगच्या तोफेने गोळे मारायचे, आणि मोठ्यांनी खरं युद्ध करण्यापेक्षा हे खेळावं, असा त्यांचा आग्रह. पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटलं. १९७४च्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये एकच पात्र डावामागून डाव जगू लागलं, अनुभवाने मोठं होऊ लागलं. ब्लड बोलच्या साखळी स्पर्धेने तीच युक्ती अख्ख्या संघाला लावली.

आता नियम थोडा सविस्तर सांगतो, कारण मुद्दा तिथेच आहे. २०२०च्या आवृत्तीप्रमाणे प्रत्येक संघाला सुरुवातीला दहा लाख सोन्याची नाणी. माणसांच्या संघातला साधा खेळाडू ५० हजाराला. कोणी पडला तर त्याचं चिलखत फुटलं का, हे दोन फासे सांगतात. फुटलं तर पुन्हा दोन फासे: भोवळ, बेशुद्ध की जायबंदी. जायबंदी झाला तर १६ बाजूंचा फासा टाकायचा. १ ते ६ आलं तर निभावलं. ७ ते ९ला पुढचा सामना बाहेर. १० ते १२ला पुढचा सामना तर जातोच, वर एक दुखणं कायमचं मागे लागतं. १३-१४ला अंगातली एखादी ताकद कायमची उणावते. १५ किंवा १६ला मेला. नाव वहीतून काटायचं. संघाने वैद्य ठेवला असेल तर एका सामन्यात एकदा तो हा फासा पुन्हा टाकून बघतो.

आम्ही सहा जणांनी महाडात हा खेळ एक हंगाम खेळून पाहिला. सहा संघ, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक सामना, म्हणजे पंधरा सामने. आषाढात सुरू केलं, दिवाळीच्या तोंडावर संपलं. विलायती बाहुल्या परवडणाऱ्या नव्हत्या. म्हणून दिवाळीच्या किल्ल्यावरची जुनी चित्रं माळ्यावरून खाली काढली: भालेवाले, गवळणी, पहिलवान, भाजीवाली, एक वासुदेव. चित्रं मोठी, त्यामुळे घर दोन इंचांचं धरावं लागलं आणि पट साडेचार फुटांच्या आसपास गेला. १६ बाजूंचा फासा नव्हता, तर डब्यात १ ते १६ आकड्यांच्या चिठ्ठ्या घातल्या. रात्री पाऊस वाढला की खेळ थांबवून पट वर उचलून ठेवायचा, कारण २०२१च्या जुलैतलं पाणी इथे कोणी विसरलेलं नाही.

एक गोष्ट मात्र कोणी न सांगता ठरली. महाराजांची मूर्ती या खेळात येणार नाही. तानाजींचीही नाही. उमरठ इथून पोलादपूर तालुक्यात, हाकेच्या अंतरावर म्हणा ना. ज्या नावापुढे गाव हात जोडतं, त्याच्या वाट्याला चिठ्ठी काढायची कोणाची हिंमत? पटावर गेली ती बिननावाची चित्रं. आणि मग मौज झाली. वही ठेवायची तर नाव लागतंच. तिसऱ्या सामन्यापर्यंत प्रत्येक बाहुलीला नाव पडलं होतं, आणि ज्याला नाव पडलं त्याला धोक्यात घालायला मालक कचरू लागला. पहिल्या रात्री बेफाम धडका मारणारे गृहस्थ चौथ्या रात्री चेंडू सोडून आपल्या भाजीवालीला बाजूला काढत होते. सामना त्यांनी त्यापायी हरला. आमच्या मते या खेळाचा सगळा अर्थ त्या खेळीत होता.

आता खऱ्या रणाकडे येऊ. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढला की प्रतापगड. त्याच्या पायथ्याला पार, तिथे खानाच्या फौजेची छावणी. १० नोव्हेंबर १६५९ला काय घडलं, ते शाळेतल्या पोराला पाठ आहे. पण त्यानंतर काय घडलं? कृष्णाजी अनंत सभासदाने १६९०च्या दशकात जिंजीला बखर लिहिली, तीत या लढाईनंतरचा हिशेब आहे. पडलेल्यांच्या मुलांना चाकरीत चालवलं. मुलगा नव्हता तिथे बायकोला निम्मं वेतन. जखमींना २००, १००, ५०, २५ होन, आणि हे दरमाणशी, जखम पाहून.

जखम पाहून! मंडळी, हा तक्ताच झाला. फरक एवढाच, की आमच्या डब्यातली चिठ्ठी जखम ठरवते आणि राजाचा तक्ता जखमेची भरपाई ठरवतो. आमच्या खेळात मेलेल्याची किंमत म्हणजे नवा आणायला लागणारे ५० हजार, त्याच्या मागे कोणी नाही. सभासदाच्या ओळींत मागे राहिलेली बाई आहे, तिचं निम्मं वेतन आहे. सतराव्या शतकातल्या हिशेबात हे कलम असणं ही आमच्या दृष्टीने खानाच्या वधाइतकीच सांगण्यासारखी गोष्ट आहे, पण पोवाड्याला ती सोयीची नसावी.

आणि तरीही त्या हिशेबात एक भोक आहे. रक्कम आहे, नावं नाहीत. जिवा महाला, संभाजी कावजी अशी मोजकी नावं आपल्याला माहीत आहेत. २५ होनवाला कोण होता? कोणत्या गावचा? मोठ्या नावांचं ठीक असतं. मुरारबाजी देशपांडे आधी जावळीच्या मोऱ्यांकडे होते, १६५६ला जावळी पडल्यावर महाराजांकडे आले, १६६५ला पुरंदरावर पडले. त्यांचा संघबदलसुद्धा आपल्याला ठाऊक आहे. साध्या माणसाचं तसं नाही. कोकणात आणि घाटावर देवळांच्या आवारात वीरगळ दिसतात. खालच्या चौकटीत लढणारा, वर अप्सरा त्याला घेऊन चाललेल्या, सगळ्यात वर शिवलिंगापुढे बसलेला. बोटभर उंचीची दगडी बाहुलीच ती, आणि बहुतेकांवर अक्षरही नाही. पहिल्या महायुद्धानंतर सरकारने आपल्या कितीतरी गावांत पाट्या बसवल्या: या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. तिथेही आकडाच.

आमच्या हंगामाचा शेवट सांगायचा राहिला. वासुदेवाने दोनदा चेंडू पलीकडे नेला आणि तिसऱ्या सामन्यात त्याच्यासाठी ११ची चिठ्ठी निघाली. दुखणं कायमचं. त्या झटापटीत त्याच्या टोपीवरचा मातीचा तुराही खरोखर तुटला. हंगाम संपला की संघ नव्याने बांधायचा असतो, आणि जुना खेळाडू ठेवायचा तर खेळलेल्या प्रत्येक हंगामामागे २० हजार जास्त मोजावे लागतात. मालकाने दोन दिवस मागून घेतले. वासुदेव ठेवला, आणि पैसे जुळवायला वैद्य सोडून दिला.