कागदकाम आणि अवकाशबोध

कागदाला घड्या घालून वा तो कापून मुलांमध्ये आकार, कोन व सममिती यांची जाण वाढवण्याची अध्यापनपद्धती. फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्या बालोद्यान-शिक्षणात घडीकाम होते. त्यावरून सुचून टी. सुंदर राव यांनी १८९३ मध्ये मद्रासला घड्यांतून भूमिती शिकवणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. घडीकाम हा निव्वळ हस्तव्यवसाय आहे, असा आक्षेप घेतला जातो. सूचनांबरहुकूम नुसत्या घड्या घालून घेतल्या, तर तो खराही ठरतो. गणित सुरू होते ते अंदाजापाशी. चौरस कागद एकदा आडवा, एकदा उभा दुमडावा, बंद कोपरा तिरपा कापावा आणि उलगडण्यापूर्वी विचारावे : छिद्र कुठे, कसे दिसेल? उत्तरासाठी मुलाला घड्या मनातच उलगडाव्या लागतात. अवकाशबोधाच्या मानसशास्त्रीय चाचण्यांतही हेच तपासतात. कागद उलगडला की मधोमध समभुज चौकोन मिळतो. तो चौरस हवा तर काप किती अंशांत घ्यावा, हा पुढचा प्रश्न अधिक मोलाचा.

घडी अचूक नसते, म्हणून ती सिद्धता नव्हे, हा दुसरा आक्षेप. पण वहीतली रेघही जाडच असते; सिद्धता कारणात असते. त्रिकोणाचे तिन्ही कोपरे सर्वांत लांब बाजूवरील लंबपादाशी दुमडले की कोन सरळ रेषेत बसतात; ते का, हे मुलाने सांगायचे. अवकाशीय कौशल्ये सरावाने वाढतात, याला संशोधनाचा चांगला आधार आहे. अंकगणितही त्यामुळे सुधारते, हा दावा तितका पक्का नाही. म्हणून घडीकाम पाढ्यांच्या जागी नव्हे, भूमितीच्या तासाला व्हावे.