आफाकी पिता, दक्खनी माता: बीदरच्या दरबारातील दुसरी पिढी

पहिल्या अहमदशहाच्या कारकिर्दीत (1422–1436) बहमनी राज्याची राजधानी गुलबर्ग्याहून बीदरला आली आणि पुढील काही दशकांत इराण, इराक व मध्य आशियातून आलेले व्यापारी, सैनिक, सुफी व विद्वान येथे एवढ्या संख्येने स्थिरावले की दरबारात त्यांचा स्वतंत्र पक्षच उभा राहिला. दूरदेशांहून आलेल्या या लोकांना आफाकी म्हणत आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांना दक्खनी. मात्र दक्खनी मुसलमान उमरावांपैकी अनेकांचे पूर्वजही उपरेच होते, कारण 1327 च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने दिल्लीचा लवाजमा दौलताबादेस हलविला तेव्हाच त्यांची घराणी दक्षिणेत आली होती.

नवागताला आपलासा करण्याचा दरबारी मार्ग सोयरिकीचा होता. किरमाणचे सुफी शाह निमतुल्ला अहमदशहाच्या आमंत्रणावरून स्वतः आले नाहीत, पण त्यांचा नातू नूरुल्ला बीदरला येऊन राजाचा जावई झाला, आणि मागाहून आलेल्या खलीलुल्ला या निमतुल्लांच्या पुत्राची चौखंडी, म्हणजे समाधीची वास्तू, अष्टूरच्या वाटेवर आजही उभी आहे. अशा विवाहांत वधूवरांच्या मनात काय होते, याची दखल तवारिखा सहसा घेत नाहीत.

अपवाद दुसऱ्या अहमदशहाचा. संगमेश्वरच्या राजाची कन्या त्याच्या जनानखान्यात आली, झेबा चेहरा या नावाने त्याची आवडती झाली, आणि दुखावलेल्या पट्टराणीने आपला पिता, खानदेशचा नासीरखान, याच्याकडे गाऱ्हाणे नेले. नासीरखानाने वऱ्हाडावर स्वारी केली, ती खलफ हसन या सरदाराने दक्खनी सैन्य मुद्दाम वगळून, केवळ आफाकी तुकड्यांच्या बळावर मोडून काढली. सुलतानाने तेव्हापासून दरबारात आफाकींना उजवी बाजू दिली व दक्खनी आणि हबशी यांना डावी. तवारीखकारांनी सवतीमत्सर रंगवून सांगितला असला, तरी वैराचे मूळ सैन्यावरील वर्चस्वात होते, हे पुढच्या दशकात उघड झाले: कोकणच्या मोहिमेत खलफ हसन मारला गेला आणि तेथून बचावून चाकणच्या किल्ल्यात आश्रय घेतलेल्या आफाकींची दक्खनी सरदारांनी कत्तल करविली.

तरीही घराघरांत रक्त मिसळतच होते. बीदरच्या आफाकी पक्षातून पुढे आलेला आणि विजापूरच्या आदिलशाहीचा संस्थापक ठरलेला युसूफ आदिलखान याने मराठा सरदार मुकुंदराव याच्या बहिणीशी विवाह केला. ती पुढे पुंजी खातून म्हणून ओळखली गेली. तिचा अल्पवयीन पुत्र इस्माईल 1510 मध्ये गादीवर आला, तेव्हा दक्खनी कारभारी कमालखान याने राज्य बळकाविण्याचा घाट घातला, आणि या मराठा मातेने परदेशी शिपायांना हाताशी धरून मुलाचा जीव व गादी दोन्ही वाचविली. मातेकडून दक्षिणेचा असलेल्या इस्माईलने मोठेपणी दक्खनी व हबशी यांनाच नव्हे, तर त्यांच्या संततीलाही सैन्यात मज्जाव केला. दुसऱ्या पिढीची निष्ठा मातृगृहावर ठरत नव्हती. ज्यांनी संकटात पाठ राखली, तेच तिचे आप्त. इस्माईलचा पुत्र पहिला इब्राहिम याने 1534 मध्ये गादीवर येताच हा क्रम पुरता उलटा केला: बहुतेक आफाकींना नोकरीतून काढले, दक्खनींना जवळ केले आणि महसुलाचे हिशेब फारसीऐवजी मराठीत लिहिण्याची आज्ञा दिली.