प्रतिकृतीचें अंतरंग

मोटारगाडीची लहान प्रतिकृति जुळवितांना बॉनेटखालीं बारीकसारीक भागांसह एंजिन बसवावें कीं नाहीं, असा वाद हौशी मंडळींत नेहमीं चालतो. जें दिसत नाहीं त्यावर श्रम कशाला, असें एक पक्ष म्हणतो. दिसलें नाहीं तरी तें असावें, असें दुसरा. आमच्या मतें हा प्रश्न सोलापूर जिल्ह्यांतील बार्शी लाइट रेल्वेच्या एंजिनापुढें ठेवून पाहावा.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांची ही अडीच फुटी गाडी १८९७ सालीं कुर्डुवाडी व बार्शी यांमध्यें सुरू झाली. खर्च वांचविण्यास्तव रूळ हलके, गजामागें ३० पौंडांचे. त्यांवर जड एंजिन चालावें कसें? कोणत्याही आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं द्यावयाचा नाहीं, हा कॅलथ्रॉप यांचा नियम, डब्यांनाही तोच. म्हणून लीड्सच्या किट्सन कारखान्यांत घडलेल्या पहिल्या एंजिनांना परस्परांस जोडलेलीं ८ चाकें व मागें आणखी ४ दिलीं. लीड्सजवळ न्यूले येथें रूळ मांडून गाडी चालवूनही दाखविली.

या एंजिनाची प्रतिकृति करणाऱ्यानें बॉयलरांतील नळ्या गाळल्या तर आमची तक्रार नाहीं. त्या बार्शीच्या उतारूंनाही कधीं दिसल्या नाहींत. मोटारीचें बॉनेट उघडत नसेल तर तेथेंही आमचा हाच निकाल. पण सोयीसाठीं एक आंस गाळणें म्हणजे हें एंजिन असें कां झालें, तेंच पुसून टाकणें होय. बार्शीचा तो अरुंद मार्ग आतां रुंद झाला आहे. मुलांना ती गाडी कळावयाची ती प्रतिकृतींवरूनच. त्यांनीं चाकें मोजलीं, तर १२ भरलीं पाहिजेत.