सेफ्टी व्हॉल्व्हची कुळकथा

बंद भांड्यातला दाब ठरावीक मर्यादेपुढे गेला की आपोआप उघडणारी आणि दाब उतरला की पुन्हा मिटणारी झडप म्हणजे सेफ्टी व्हॉल्व्ह. आज ती बॉयलरवर, कुकरवर आणि बोटीवरच्या प्रोपेनच्या टाकीवरही असते. तिचा जन्म मात्र हाडे शिजवण्याच्या एका भांड्यावर झाला.

दनी पापँ या फ्रेंच संशोधकाने १६७९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपले वाफेचे भांडे मांडले. झाकण घट्ट आवळलेल्या या भांड्यात वाफ कोंडून तापमान वाढे आणि कडक हाडेही मऊ पडत. कोंडलेली वाफ भांडे फोडेल हे ओळखून पापँने झाकणाला भोक पाडले, त्यावर दट्ट्या बसवला आणि दट्ट्यावर तरफ टेकवून तिच्या टोकाला वजन टांगले. वाफेचा जोर वजनापेक्षा वाढला की दट्ट्या उचलला जाई. वजन तरफेवर मागेपुढे सरकवून हवा तो दाब ठरवता येई. कुकरची शिट्टी या वजनाचीच वंशज आहे. तिच्यात तरफ गळाली आणि वजन थेट भोकावर बसले.

वाफेच्या इंजिनांचे दाब वाढले तसा या रचनेतला दोष उघड झाला. सरकवता येणारे वजन कोणालाही सरकवता येते आणि मोकळी तरफ कोणालाही जखडून ठेवता येते. १८०३ साली लंडनजवळ ग्रिनिच येथे रिचर्ड ट्रेव्हिथिकच्या उच्च दाबाच्या इंजिनाचा बॉयलर फुटून माणसे मेली. इंजिन सांभाळणारा पोरगा ते एका मजुराच्या हवाली करून मासे पकडायला गेला होता. इंजिन फार जोरात चालते आहे असे पाहून मजुराने ते थांबवले. पण झडपेच्या तरफेला अडकवलेला पाना तसाच राहिला. वाफेला वाट उरली नाही. या अपघातानंतर ट्रेव्हिथिक दोन झडपांचा आग्रह धरू लागला. बॉयलरमधले पाणी आटून पत्रा तापला की वितळणारी शिशाची गुडदीही त्याने वापरात आणली. शिट्टी तुंबल्यावर वितळून वाट देणारा कुकरच्या झाकणावरचा व्हॉल्व्ह याच तत्त्वावर चालतो.

अमेरिकेत १७ जून १८३१ रोजी ‘बेस्ट फ्रेंड ऑफ चार्ल्सटन’ या रेल्वे इंजिनाचा बॉयलर फुटला. झडपेतून सुटणाऱ्या वाफेच्या फुसफुशीला कंटाळून फायरमनने ती दाबून धरली होती. त्यात त्याचाच जीव गेला. पुढच्या सुधारणांचा रोख त्यामुळे झडप माणसाच्या हातापासून वाचवण्याकडे राहिला. वजनाच्या जागी स्प्रिंग आली ती मात्र धावत्या इंजिनाच्या हिसक्यांनी टांगते वजन उसळत असे म्हणून. इंग्लंडच्या जॉन रॅम्सबॉटमने १८५५ साली दोन झडपा, त्यांना जोडणारी तरफ आणि मधोमध एकच स्प्रिंग अशी रचना केली. तरफेचे एक टोक कोणी खाली दाबले, तर दुसऱ्या टोकाखालच्या झडपेवरचा भार हलका होऊन ती उघडे. नंतर स्प्रिंग झडपेच्या कवचातच बंद झाली आणि बाहेरून छेडछाड करायला जागा उरली नाही.

वायूच्या टाकीपर्यंत ही झडप आली ती याच बंदिस्त रूपात. वॉल्टर स्नेलिंग या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने पेट्रोलमधून उडून जाणारे वायू वेगळे केले आणि १९१३ साली त्याच्या पद्धतीला पेटंट मिळाले. यांतला प्रोपेन उणे ४२ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणून तो दाबाखालीच द्रवरूपात राहतो. टाकीतला दाब २० अंशांना चौरस सेंटिमीटरला सुमारे ८ किलो, तर ३८ अंशांना १२ किलोंच्या आसपास असतो. अमेरिकेतल्या लहान टाक्यांची झडप सुमारे २६ किलोंना उघडते. म्हणजे नुसत्या उन्हाने ती सहसा उघडत नाही; टाकी आगीत सापडली किंवा काठोकाठ भरून तापली, तरच तिची गरज पडते. द्रवाला फुगायला जागा राहावी म्हणून टाकी ८० टक्केच भरतात.

बोटीवर याच झडपेपुढे दोन अडचणी उभ्या राहतात. प्रोपेन हवेच्या दीडपट जड असल्याने सुटलेला वायू वर उडून जात नाही, बोटीच्या तळाशी साचतो आणि एका ठिणगीने पेटतो. म्हणून टाकी आतल्या भागापासून बंद असलेल्या कप्प्यात ठेवतात आणि कप्प्याच्या बुडातून थेट बोटीबाहेर जाणारी नळी काढतात. दुसरी अडचण खाऱ्या हवेची. मीठ आणि गंज यांनी झडप जागीच चिकटली, तर बाहेरून काही कळत नाही. हाताने उघडून ती चालते का हे पाहणेही धोक्याचे, कारण कचरा अडकून ती नीट मिटेनाशी होते. त्यामुळे ही झडप दुरुस्त करत नाहीत, बदलतात.

लहान टाकीत ही झडप मुख्य व्हॉल्व्हच्या पितळी अंगातच असते, म्हणून सगळा व्हॉल्व्हच बदलावा लागतो. अमेरिकेत जादा भरणा रोखणारा तरंगता गोळा असलेल्या व्हॉल्व्हचा नियम आला आणि एप्रिल २००२पासून तो नसलेल्या लहान उभ्या टाक्या भरणे बंद झाले. तेव्हा अनेक जुन्या टाक्यांचे व्हॉल्व्ह असेच बदलले गेले.

हे काम बोटीवर होत नाही. परवानाधारक कारागीर टाकी किनाऱ्यावर नेऊन पूर्ण रिकामी करतो, जुना व्हॉल्व्ह फिरवून काढतो आणि आटे तपासतो. आटे निमुळते असल्याने नव्या व्हॉल्व्हवर सीलिंगचा लेप लावून तो ठरावीक जोरानेच आवळतात. नव्या व्हॉल्व्हचा उघडण्याचा दाब टाकीशी जुळावा लागतो. भरण्याची पातळी दाखवणाऱ्या आतल्या नळीची लांबी आणि तरंगत्या गोळ्याची पातळी टाकीच्या उंचीप्रमाणे निवडावी लागते. आडव्या टाकीत झडपेचे तोंड द्रवाच्या वरच्या वायूतच उघडेल अशी मांडणी करतात, नाहीतर संकटात वायूऐवजी द्रवच बाहेर फेकला जाईल. शेवटी टाकीतली हवा काढून प्रोपेन भरतात आणि सांध्यांना साबणाचे पाणी लावतात. एकही बुडबुडा उठला नाही, तरच टाकी बोटीच्या कप्प्यात परत जाते.