बोटभर मासा आणि ‘आक्रमक’ हा शब्द

पाण्याखाली माणसाच्या अंगावर कोण धावून येतं? आपण म्हणणार, शार्क. पण प्रवाळाच्या खडकांत उतरणाऱ्या पाणबुड्यांना विचाराल, तर बरेचजण हसून डॅमसेलफिशचं नाव घेतील. बोटभर लांबीचा मासा! त्याच्या खडकाजवळ गेलात, की सरळ अंगावर येतो, हाताला चावे घेतो. माणूस वजनानं त्याच्या हजारो पट. तरी हा मागे हटत नाही. का? तर त्या खडकावर त्याची शेवाळाची बाग असते. विणीच्या दिवसांत अंडीही तिथंच, आणि त्यांची राखण करतो नर.

आता हे प्रवाळमासे तत्त्वज्ञानाच्या वर्गात कसे शिरले, ते ऐका. कोनराड लोरेन्झ हा ऑस्ट्रियाचा प्राणिवर्तनशास्त्रज्ञ. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ तरंगत त्यानं हे मासे पाहिले. भडक रंगाचे मासे मुख्यतः स्वतःच्याच जातीवर तुटून पडतात, असं त्याला दिसलं. १९६३ साली निघालेल्या त्याच्या पुस्तकाची सुरुवात याच पाण्यातून होते. पुस्तकाच्या जर्मन नावाचा अर्थ, ‘तथाकथित वाईट’. त्याचं म्हणणं असं, की आक्रमकता ही आत साठत जाणारी उपजत प्रेरणा आहे. माशात आहे, तशी माणसातही.

इथं मी जरा थांबतो. हाच लोरेन्झ १९३८मध्ये नाझी पक्षात गेला होता, आणि १९४०मध्ये कांटच्या क्योनिग्सबर्ग विद्यापीठात प्राध्यापक झाला. त्यामुळे त्याचं निरीक्षण खोटं ठरत नाही, बरं का. पण माशावरून माणसावर उडी मारताना जपायला हवं. शिवाय डॅमसेलफिश शेवाळ खाणाऱ्या परक्या जातींनाही हाकलतो, हे पुढच्या अभ्यासांत दिसलं. पाणबुड्याला तर हाकलतोच! म्हणजे प्रश्न जातीपुरता नाही. बागेचा आणि अंड्यांचा आहे.

१९८६ साली स्पेनमधल्या सेव्हिल शहरात शास्त्रज्ञांनी एक निवेदन काढलं. युद्ध माणसाच्या रक्तातच आहे, असं म्हणायला विज्ञानाचा आधार नाही, हा त्याचा आशय. १९८९मध्ये युनेस्कोनं ते स्वीकारलं.

पाणबुडा वर येऊन सांगतो, ‘मासा अंगावर आला.’ माशाला वाचा असती तर तो म्हणाला असता, ‘हा माझ्या घरात शिरला.’ इतिहासात कुणाला ‘आक्रमक’ म्हटलेलं दिसलं, की आधी एवढंच विचारा: हे लिहिणारा तिथं कशाला गेला होता?